लाल ठिपक्यांची यादी

लिफ्ट तपासणारा माणूस जन्मभर वर-खाली करत असणार, असा लोकांचा समज असतो. खरं तर तो आडवाच जास्त हिंडतो. सोमवारी एका शहरात दोन ऑफिसं, बुधवारी दुसरीकडे एक इस्पितळ, गुरुवारी तिसरीकडे दहा मजल्यांची इमारत आणि तिथले दहाही मजल्यांवरचे चिडलेले रहिवासी. बावीस वर्षं असं हिंडलेल्या एका तपासनिसाला ऑफिसातले लोक 'सातकिलो' म्हणत. हे नाव त्यांच्या अंगकाठीवरून पडलेलं नव्हतं, हे त्यांना एकदा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे. विमानात सोबत नेता येणारी बॅग सात किलोंच्या आत असावी लागते, आणि बावीस वर्षांत त्यांची बॅग एकदाही त्यापुढे गेली नव्हती. एकदाच ती सहा किलो नऊशे ऐंशी ग्रॅम भरली. तो आठवडा त्यांना अन्न गोड लागलं नाही.

बॅग भरायला त्यांना अकरा मिनिटं लागत. जड वस्तू चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केली की पोट सुटलेल्या माणसासारखी पुढे झुकत नाही. शर्ट घडी न घालता गुंडाळायचे, बटणं आत. बुटांत मोजे, मोज्यांत चार्जर. पट्टा बॅगेच्या कडेनं आतून फिरवायचा. सगळ्यात जाड कपडा अंगावर घालायचा, कारण अंगावरच्या कपड्यांचं वजन कुणी करत नाही. "अजून तरी," असं सातकिलो वर म्हणायचे. ऑफिसातली नवी मंडळी त्यांच्याकडे शिकायला येत. ते सगळं मोकळेपणानं शिकवत, फक्त बॅग हुकाला लटकवून वजन करायचा स्वतःचा काटा कुणाच्या हातात देत नसत.

मग गुडघा गेला. लिफ्टच्या खड्ड्यात शिडीनं उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ऑफिसनं त्यांना एक टेबल दिलं. इतरांनी लिहिलेले अहवाल वाचायचे आणि खाली सही करायची. सातकिलो सोमवारी पहाटे जुन्या वेळेला उठत. हातात अकरा मिनिटं असत आणि भरायला काही नसे.

अशात बायकोला फिरतीची नोकरी लागली.

ती वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासत होती. नजर तपासायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं तिला विचारलं, की गावोगावच्या दुकानांत जाऊन यंत्र कसं वापरायचं ते शिकवाल का? दर मंगळवारी निघायचं, शुक्रवारी परत. पहिला महिना बघायचा, जमलं तर कायम, नाहीतर पुन्हा दुकानाचं काउंटर. तिनं "हो" म्हटलं तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला होता, की लेक म्हणाली, "आई, मला शाळेत पहिला नंबर मिळाला तेव्हा तू इतकी खूश नव्हतीस."

"तुझा तिसरा आला होता," आई म्हणाली.

सातकिलोंना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. पहिल्या मंगळवारच्या आदल्या रविवारी दुपारीच त्यांनी तिचं सामान पलंगावर मांडून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"रिकामी बॅग अडीच किलो," ते म्हणाले. "म्हणजे तुझ्या वाट्याला साडेचार."

"आणि माझी शाल?"

"अंगावर."

"उकडतंय हो."

"विमानात थंडी असते."

भरून झाल्यावर त्यांनी एक यादी टाइप करून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. वस्तूचं नाव, पुढे ग्रॅम. आणि मग ठिपक्यांची पद्धत समजावून सांगितली. लिफ्टचा एखादा भाग झिजलेला दिसला की तपासनीस त्यावर लाल ठिपका देतो. पुढच्या फेरीत दुसरा ठिपका पडला, की तो भाग काढायचा. तसंच इथं. परत आल्यावर बॅग उघडायची. जी वस्तू वापरली नाही, तिच्या नावापुढे ठिपका. दोन ठिपके झाले की वस्तू यादीतून बाद.

"बाबा, आई सहलीला चाललीय की कोर्टात?" लेक म्हणाली.

"फिरतीच्या माणसाला शिस्त लागते," सातकिलो म्हणाले.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी चष्मा पुसून, तांबडी पेन्सिल घेऊन बॅग उघडली. छत्रीला ठिपका, पुस्तकाला ठिपका, पिवळ्या ड्रेसला ठिपका, हातापायाला लावायच्या क्रीमला ठिपका. बायको दुकानदारांच्या गमतीजमती सांगत होती. एका दुकानदाराला दुसऱ्यांची नजर तपासता तपासता स्वतःला चष्मा लागल्याचं कळलं होतं. सातकिलो "हं, हं" करत होते, पण त्यांचं लक्ष क्रीमच्या डबीवर होतं. पंचावन्न ग्रॅम. एकदाही उघडलेली नव्हती.

दुसऱ्या शुक्रवारी मात्र एकाही वस्तूला ठिपका पडला नाही. सगळं वापरलेलं. पुस्तकात पानाची खूण, क्रीमवर बोटाचा खड्डा, पिवळा ड्रेस चुरगळलेला. सातकिलोंची छाती दोन इंच फुगली. सोमवारी ऑफिसात त्यांनी शेजारच्या टेबलावर सांगितलंसुद्धा, "घरी एक विद्यार्थिनी तयार झालीय. तुम्हा सगळ्यांच्या वरताण."

तिसऱ्या शुक्रवारी ती दारातून आली, बॅग तशीच पॅसेजमध्ये उभी केली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "मी सोमवारी कंपनीला फोन करून नाही म्हणून सांगणार आहे."

सातकिलोंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "कुणी काही बोललं?"

"नाही. उलट कौतुक करतात. कायम करतो म्हणालेत. पण मला जमत नाही."

"गुडघे दुखतात?"

"गुडघे तुमचे गेलेत."

"मग?"

"दमते मी," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

लेकीनं आईला चहा दिला आणि बाबांकडे असं पाहिलं, की त्यांना काहीतरी करणं भाग होतं. माणूस गोंधळला की हाताला येईल ते काम करतो. सातकिलोंनी बॅग आडवी केली आणि उघडली. यादीवरून पेन्सिल फिरवू लागले.

"पुस्तक?"

"वाचलं."

"क्रीम?"

"लावली."

"छत्री?"

"वापरली."

सातकिलो थांबले. ती हिंडत होती त्या भागात महिनाभर पाऊस नव्हता. बातम्यांत रोज दाखवत होते. "पाऊस लागला?"

"नाही."

"मग ऊन होतं?"

"खोलीत उघडली," ती डोळे न उघडताच म्हणाली.

लेक आपल्या चहाच्या कपात हसली आणि लगेच गप्प झाली, कारण आईचा आवाज हसण्यासारखा नव्हता.

"खोलीत का?"

"ठिपका होता ना तिला एक! दुसरा पडला असता." आता तिनं डोळे उघडले. "दिवसभर शिकवायचं त्याचं मला काही वाटत नाही. आवडतं मला ते. पण संध्याकाळी खोलीवर आलं की तुमची यादी सुरू. पिवळा ड्रेस घालायचा, आरशासमोर दोन चकरा मारायच्या, काढायचा. क्रीम लावायची. पुस्तकाची पाच पानं वाचायची. पाचही पानं मी उभ्यानं वाचली, बसले असते तर झोप लागली असती! मग छत्री उघडायची, दोन मिनिटं धरायची, मिटायची. एकदा खोली साफ करणारी बाई टॉवेल द्यायला आत आली. मी पलंगावर छत्री धरून बसलेली. तिनं वर छताकडे पाहिलं, कुठं गळतंय का म्हणून."

सातकिलोंनी बॅगेतली छत्री उचलली आणि परत होती तिथं ठेवली.

"मग सांगायचंस ना," ते म्हणाले, "की वापरली नाही."

"काय सांगू? तुम्ही बावीस वर्षं केलंत हे. ना कधी कुरकुर, ना कधी काही विसरलात. मला वाटलं, फिरतीचं काम म्हणजे हेच असणार. मला तीन आठवडे निभावेना. मग त्या कामाला मी लायक नाही, एवढंच."

सातकिलो पॅसेजमध्ये बॅगेसमोर एका गुडघ्यावर बसले होते, तो बरा गुडघा होता, पण तोही आता दुखायला लागला. आपण बावीस वर्षं संध्याकाळी खोलीत काय करत होतो, हे ते आठवू लागले. काहीच आठवेना. लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं, इतके किलो. ती पाटी त्यांनी हजार वेळा पडताळली होती. त्या आठांतलं कोण कुठल्या मजल्यावर चाललंय आणि कशासाठी, हे बघणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. बायको काल कुठल्या गावात होती? नाव आठवायलाही त्यांना क्षणभर लागला. तिच्या क्रीमचे ग्रॅम मात्र पाठ होते.

आता जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही, तर सोमवारचा फोन होणार आणि बायको परत काउंटरवर उभी राहणार, हे त्यांना दिसत होतं. सांगितलं तर बावीस वर्षांच्या अब्रूचं काय होणार, तेही दिसत होतं. त्यांनी पेन्सिल खिशात घातली, परत काढली.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "ती ठिपक्यांची पद्धत."

"काय तिचं?"

"मी माझ्या बॅगेला ती कधी लावलीच नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे बॅगेत नेलेलं मी वापरायचो, नाही वापरायचो. कोण बघतंय. एक निळा स्वेटर सहा वर्षं माझ्याबरोबर हिंडला, मी तो एकदाही घातला नाही. ठिपक्यांची ही टूम मी तुझी बॅग भरताना काढली. टेबलावर बसल्यापासून शुक्रवारी काही तपासायलाच नसतं मला."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग बरंच काही एकदम आलं.

"मी उभ्यानं पाच पानं वाचली हो," ती म्हणाली.

"हो."

"रोज!"

"चुकलं माझं."

"बाबा, हे तुम्ही लिहून द्या, झाकणाला चिकटवू," लेक म्हणाली. तिला दोघांनी मिळून आत पिटाळलं.

पण तेवढ्यानं मामला मिटला नाही. शनिवारी बायको त्यांच्याशी कामापुरतं बोलली. सोमवारी फोन करणार की नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायची सातकिलोंची प्राज्ञा नव्हती. त्यांनी यादी झाकणावरून सोलून काढली, तेव्हा डिंकाचा चौकोन मागे राहिला. तो पुसताना त्यांना जाणवलं, की बायको फिरतीवर जावी असं आपल्याला वाटतंय, आणि आपण भरलेल्या बॅगेशिवाय गेली तरी चालेल. दुसरी गोष्ट वाटायला जरा वेळ लागला.

रविवारी दुपारी आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ते दारापर्यंत गेले आणि थबकले. बायकोनं कपाटावरची मोठी बॅग खाली काढली होती. पलंगावर कपडे, शाल, बशीसकट एक कप, लेकीचा फोटो आणि घरची उशी.

"हॉटेलात उशी असते," सातकिलोंच्या तोंडून निसटलं.

"असते. दुसऱ्याची."

"ही बॅग विमानात सोबत घेऊ देणार नाहीत."

"चेक-इनच्या सामानात टाकीन."

"मग उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी अर्धा तास उभं राहावं लागतं."

"राहीन. लोकं बघता येतात."

सातकिलोंनी दोन्ही हात खिशात घातले. शर्ट घडी घालून ठेवले जात होते, बटणं बाहेर. बूट कपड्यांच्या वर. कप उशीत खुपसलेला. जीभ त्यांनी दातांखाली धरून ठेवली.

"उद्या फोन?" त्यांनी शेवटी विचारलं.

"करणार आहे ना. कायम करा म्हणून सांगायला." तिनं झाकण दाबलं. चेन अर्ध्यावर येऊन अडली. तिनं पुन्हा दाबलं, मग वळून नवऱ्याकडे पाहिलं. "या इकडे. बसा."

"कुठं?"

"बॅगेवर."

सातकिलो आले. एक हात भिंतीला लावून, दुखरा गुडघा लांब ठेवून, अगदी सावकाश ते झाकणावर टेकले. खाली उशीतून हवा सुटल्याचा आवाज झाला. चेन चार बोटं सरकली आणि थांबली.

"अहो, असे अधांतरी काय बसलात," बायको चेन ओढत म्हणाली. "पाय उचला. सगळं वजन टाका."