टॅनरचं पाणी गढूळ

मार्डेलने दुकानाबाहेरच्या फळ्यावर 'टॅनरचा ओढा' या शब्दांपुढे खडू टेकवला आणि तसाच धरून ठेवला. वरच्या दोन ओळी तिने एका दमात लिहून टाकल्या होत्या. मोठी नदी: धार जोराची, कडेकडेनेच उतरा. पूर्वेचा फाटा: थंड, दुपारनंतर बरा. तिसऱ्या ओळीशी मात्र हात अडला.

तासाभरापूर्वी ती स्वतः टॅनरच्या पाण्यात घोटाभर उभी होती. सुतळीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून तिने शंभरपर्यंत आकडे मोजले होते. बावन्न अंश फॅरनहाइट, हवं तेवढंच गार. तळातला एक दगड उलटून पाहिला, तर त्याच्या पोटाला हेंड्रिक्सन माश्यांच्या अळ्या चिकटलेल्या, पंख फुटायच्या बेतात. म्हणजे आज दुपारी दोनच्या सुमारास या माश्या पाण्यावर येणार आणि त्यांना खायला मागोमाग ट्राउट मासे. पाणी इतकं नितळ की तिला आपल्या बुटाच्या नाडीची गाठ दिसत होती. अख्ख्या वसंतात असे तीन-चार दिवस मिळतात, त्यातला हा एक, आणि नेमका शनिवार.

तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि लिहिलं: 'गढूळ. जाऊ नका.'

लिहून झाल्यावर तिचे कान तापले.

तिचे वडील या दुकानात गळ आणि माशांना भुलवायच्या पिसांच्या खोट्या माश्या विकत, तेव्हा बाहेरच्या फळ्यावर सगळा मोसम एकच मजकूर असे: 'मासे उड्या मारताहेत!' पुरात पूल बुडाला तेव्हासुद्धा तो पुसला गेला नव्हता. गावात त्याची भरपूर टिंगल होई. दुकान हाती आलं त्या वर्षी मार्डेलने फळा ओल्या फडक्याने स्वच्छ केला आणि खरं लिहायला लागली. 'आज घरीच बसा' असंही लिहिलं, आणि ते वाचून दारातूनच मागे फिरणारी गिऱ्हाइकं काचेआडून पाहिली. याला एकतीस वर्षं झाली. तिला या फळ्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

पण गुरुवारी एल्वुड कीफर आला होता. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर माश्या टोचलेली तीच ती टोपी. गळावर पिसं कशी बांधायची हे मार्डेलला त्यानेच शिकवलं होतं, वडिलांना तेवढा धीर नव्हता म्हणून.

"सोमवारी गुडघा कापताहेत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, नंतर खुशाल चाला. पण वाहत्या पाण्यात, गोट्यांवर उभं राहायचं नाव काढायचं नाही."

"कधीच नाही?"

"'कधीच' हा शब्द त्याने काढला नाही. पण माझ्याकडे बघितलं तसंच."

मार्डेलने काउंटरवरची पिसांची डबी उगीच उघडून मिटली.

"मग शनिवारी टॅनरला जा," ती शेवटी म्हणाली. "लोखंडी पुलाखाली. माश्या निघतील."

"नक्की?"

"मी सांगतेय ना."

लोखंडी पुलाखाली वीसेक पावलांचा बारीक वाळूचा पट्टा आहे. एल्वुडच्या गुडघ्यांना झेपेल अशी तेवढीच जागा साऱ्या तालुक्यात उरली होती. तिथे दोन माणसं आधीच उभी असली, तर तिसऱ्याला वाव नाही. आणि एल्वुड कोणाला सरका म्हणणाऱ्यातला नव्हता. 'चालू द्या, चालू द्या' म्हणून त्याने गाडी वळवली असती आणि घरी जाऊन सोमवारची वाट पाहिली असती. शनिवारी शहरातून येणाऱ्या गाड्या मार्डेलच्या दुकानापाशी थांबतात, फळा वाचतात आणि मग कुठे जायचं ते ठरवतात. एल्वुडचं घर टॅनरच्याच रस्त्यावर. त्याला गावात यायचं काही कारण नव्हतं. असा तिने सगळा हिशेब केला होता.

सकाळभर दुकानात रीघ होती.

"टॅनर खरंच गढूळ आहे?" नव्या कोऱ्या जाकिटातल्या एका माणसाने विचारलं.

"चहासारखं," मार्डेल म्हणाली. त्याच्याकडे न बघता, गळांच्या खोक्याकडे बघून. खोटं बोलणं जमत नाही ते नाहीच, पण माणूस पूर्वेच्या फाट्याला गेला.

सव्वा वाजता तिला जरा उसंत मिळाली. सँडविच आणायला ती रस्ता ओलांडून रीबाच्या खानावळीत शिरली आणि दारातच थबकली. काउंटरपाशी, टोपीसकट, एल्वुड बसला होता. समोर रूबार्ब घातलेल्या गोड पाईचा दुसरा तुकडा.

"तुम्ही इथे काय करताय?"

"पाई खातोय. दिसत नाही?"

"टॅनरला का नाही गेलात?"

"गढूळ आहे ना." त्याने काट्याने रस्त्यापलीकडच्या फळ्याकडे खूण केली. "मघाशी निघालो होतो. म्हटलं, आधी फळा वाचून जावं. एकतीस वर्षं वाचतोय, शेवटच्या दिवशी कशाला चुकवा. वाचला, आणि इथे येऊन बसलो." त्याने पाईचा तुकडा मोडला. "असू दे गं. तोंड कशाला पाडतेस? पाणी काय तू ढवळलंस?"

टपाल वाटून नुकताच आलेला पोस्टमन वेंडेल शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.

"एल्वुड, गेल्या आठवड्यात पाऊस पडला का रे?"

"नाही."

"वरचं बर्फ?"

"ते कधीच वितळलं."

"मग पाणी गढूळ कशानं झालं? हत्ती अंघोळ करून गेला?"

"मीही तोच विचार केला," एल्वुड शांतपणे म्हणाला. "मग म्हटलं, वर बीव्हर प्राण्यांनी घातलेला बांध फुटला असेल. मार्डेलने लिहिलंय म्हणजे काहीतरी झालंच असणार."

रीबाने फडकं तोंडाला लावून पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. मार्डेलला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बांध फुटलेला नाही," ती म्हणाली. "पाणी आरशासारखं आहे. मी खोटं लिहिलं."

एल्वुडचा काटा हवेतच राहिला.

"तू?"

"शहरातली माणसं जाऊन उभी राहतील म्हणून. तुम्हाला जागा मोकळी राहावी म्हणून."

"आणि गावातल्या एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही," वेंडेल म्हणाला. "सकाळी फळा वाचला आणि आम्ही समजलो काय ते. सोमवारचं सगळ्यांना ठाऊक आहे. आज टॅनरला फिरकायचं नाही, ठरलं. तू तिकडे मजा मारतोयस असं समजून आम्ही चरफडत होतो, तर स्वारी इथे पाई खायला हजर!"

एल्वुडने काटा बशीत ठेवला. तो मार्डेलकडे वळला. तिला वाटलं, आता रागावतो. मग त्याच्या टोपीवरच्या माश्या हलायला लागल्या, आणि तो हसतोय हे तिच्या लक्षात आलं.

"एकतीस वर्षांत एकदा खोटं लिहिलंस पोरी, आणि फसायला मीच सापडलो!"

"उठा," मार्डेल म्हणाली. "दीड वाजत आलाय."

"दुकान?"

"मी बसतो," वेंडेल म्हणाला.

"तुला गळाचं टोक कुठलं तेही कळत नाही."

"गिऱ्हाइकांना कळतं ना?"

"बस मग. फक्त फळ्याला हात लावू नकोस."

लोखंडी पुलापाशी एकही गाडी नव्हती. एल्वुडने उंच रबरी बूट चढवले आणि मार्डेलच्या हातात दंड देऊन एकेक पाऊल पाण्यात टाकलं. वाळूच्या पट्ट्यावर पोचल्यावर त्याने दंड सोडवून घेतला, मग विचार बदलून परत तिच्या हातात दिला.

दोन वाजले. काहीच झालं नाही. दोन वाजून पाच मिनिटं झाली. फळ्यावर खोटं लिहिलं ते लिहिलं, पण गुरुवारी तोंडाने जे सांगितलं तेही खोटं ठरलं, तर? तेवढ्यात पाण्यावर एक तपकिरी माशी तरंगत आली, पंख वाळवत. मग चार. मग मोजता येईनात. समोरच्या काठावर विलोच्या झाडाच्या मुळांशी पाण्यावर एक गोल कडं उमटलं आणि विरलं.

"दिसलं?" मार्डेल कुजबुजली.

"म्हातारा झालोय, आंधळा नाही."

पहिली फेक आखूड पडली. दुसरी झाडात अडकता अडकता वाचली. तिसऱ्यांदा त्याची पिसांची माशी खऱ्या माश्यांमध्ये अशी अलगद बसली की मार्डेललाही ओळखू येईना, आणि कडं पुन्हा उमटलं ते नेमकं त्या माशीखाली. गळाची काठी वाकली. एल्वुडच्या घशातून एक आवाज निघाला तो काही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा नव्हता. मासा हाताएवढाच होता, पाठीवर लाल ठिपके. त्याने तो पाण्यातच धरला, गळ काढला आणि बोटं सैल सोडली. मार्डेलचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, कारण एका हातात त्याचा दंड होता आणि दुसऱ्यात जाळं.

पुलावर एक गाडी थांबली. काच खाली झाली आणि सकाळचा तो नव्या जाकिटातला माणूस बाहेर वाकला. पूर्वेच्या फाट्याला त्याला काही मिळालं नसावं.

"कसं आहे पाणी?" त्याने ओरडून विचारलं.

मार्डेलने तोंड उघडलं. पण एल्वुडच आधी बोलला, मान वर न करता, गळावरच्या माशीला फुंकर घालून ती वाळवत.

"गढूळ!"

माणसाने खाली पाहिलं. ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. त्याला एल्वुडचे बूट दिसले असतील, वाळूचा कण न् कण दिसला असेल, आणि म्हाताऱ्याचा दंड धरून उभी असलेली दुकानवाली बाईही.

"हो," तो म्हणाला. "फारच गढूळ आहे." आणि त्याने काच वर केली.