कंबर कुठे असते

दुपारचा एक वाजला होता. हिंजवडीच्या एका कंपनीतली कादंबरी आमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानात, आम्ही शिवलेली नऊवारी चढवून आरशासमोर उभी होती. आणि साडी खाली येत होती. हळूहळू, अगदी सभ्यपणे.

"काकू, लूज होतेय का?" तिनं विचारलं.

अशाच चाळीस साड्या गठ्ठे बांधून दारात ठेवल्या होत्या आणि कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता.

आमचं दुकान फक्त नऊवारीचं, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. आमची गिऱ्हाइकं अलीकडे पेपरातच भेटायची, तीही श्रद्धांजलीच्या पानावर. त्यामुळे आमच्या ह्यांनी, म्हणजे गोपाळकृष्णांनी, दुकान एका मोबाईलवाल्याला देऊन टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. अशात महिन्यापूर्वी ही कादंबरी आली. कंपनीच्या गॅदरिंगला चाळीस मुली नऊवारीत लेझीम खेळणार होत्या आणि नेसता एकीलाही येत नव्हती. "शिवून मिळेल का? पँटसारखी? चढवली की झालं!"

"पँटी पुढच्या चौकात मिळतात," हे म्हणाले.

"मिळेल," मी म्हणाले. कुठून अवदसा आठवली कोण जाणे!

ती गेल्यावर हे एवढंच बोलले, "कापलेली साडी परत जोडता येत नाही. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मोबाईलवाला कार्यक्रमाच्याच संध्याकाळी सातला येतोय, मी त्याला हो म्हणेन. मग मला बोल लावायचा नाही."

बोल कुठला लावते! पहिल्या साडीला कात्री लावताना माझे हात असे लटपटत होते, की शिवणाऱ्या कुसुमनं कात्री काढून घेतली. "वहिनी, तुम्ही तिकडं तोंड करा," म्हणाली. नमुना आम्ही माझ्या मापानं शिवला. त्यात मी मांडी घालून बसले, उठले, उकिडवी झाले, पन्नाशी विसरून चार उड्याही मारल्या. एक टाका उसवला नाही. मग कादंबरीनं मुलींच्या कंबरेच्या मापांचा छापील कागद पाठवला आणि त्याबरहुकूम आम्ही चाळीस साड्या कापल्या.

"कंबर मोजली कुठे गं तुम्ही?" मी आता विचारलं.

"म्हणजे काय, कंबरेलाच!" असं म्हणून तिनं हात ठेवला तो पार खाली, जिथं तिची जीन्स सुरू होत होती तिथं. बेंबीखाली चांगली चार बोटं!

आमची कंबर बेंबीवर. नऊवारीची गाठ तिथंच बसते. ह्या पोरींची कंबर भलतीकडेच होती आणि सगळ्या साड्या त्या खालच्या मापानं बेतलेल्या. वर ओढावी तर घसरणार, खाली सोडावी तर काष्टा गुडघ्यात येणार. आणि ह्यात उड्या मारत लेझीम खेळायची, हजार माणसांसमोर! अख्खी साडी असती तर कुठल्याही कंबरेला बसली असती, तिला माप लागतच नाही. माप आम्ही विचारलं, तिथंच मेलो.

हे गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुसुमला घेतलं, सुया, कात्री, हुक पिशवीत कोंबले आणि साड्यांचे गठ्ठे टाकून कादंबरीच्या कॅबमध्ये बसले. चांदणी चौकापर्यंत मी देवाचं नाव घेत होते, पुढं तेही सुचेना. एखाद्या पोरीची साडी भर स्टेजवर सुटली तर? तिनं उद्या ऑफिसात तोंड कसं दाखवायचं? दुकान गेलं तर जाईल, पण कुणाच्या लेकीची अब्रू माझ्या हातानं जायला नको!

कंपनीच्या गेटवर आणखी एक विघ्न, सिक्युरिटीवाला. "कात्री-सुई आत नेता येणार नाही, मॅडम." कादंबरी त्याच्याशी भांडली, मी हात जोडले. तो नियमावर बोट ठेवून बसला. पिशवी गेटवर राहिली आणि आम्ही दोघी रिकाम्या हातांनी आत गेलो.

आत चाळीस पोरी साड्या पोटाशी धरून खिदळत होत्या. हसताय काय, मेल्यांनो! कुसुम माझ्या तोंडाकडे बघत होती. "वहिनी, नाडी तरी हवी होती हो." तेव्हा माझी नजर त्यांच्या गळ्यांकडे गेली. प्रत्येकीच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, चांगली चिवट.

"काढा ती!" मी ओरडले. "आणि साडी बेंबीवर घ्या. हो, तिथंच! तिथंच कंबर असते!"

जास्तीच्या कापडाच्या चुण्या करायच्या, वर पट्टी करकचून बांधायची, मग काठ उलटून पट्टी झाकायची. दोन पोरी जरा अंगानं भरलेल्या होत्या, त्यांना दोन-दोन पट्ट्या जोडून लावल्या. "श्वास घेता येत नाहीये, काकू." "नको घेऊस, वीस मिनिटांचा प्रश्न आहे." शेवटची गाठ मारली आणि बाहेर ढोल वाजला.

ती वीस मिनिटं मी पडद्याआड कुसुमचा दंड धरून उभी होते. तिच्या दंडावर वळ उठले. पोरी वाकल्या, बसल्या, उड्या मारल्या. तिसऱ्या रांगेतल्या एकीची चुणी सुटली तसे मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा टाळ्या चालल्या होत्या आणि चाळीसच्या चाळीस पोरी साड्यांसकट उभ्या होत्या.

कादंबरी धावत आली. "काकू, आमच्या दुसऱ्या ऑफिसला साठ हव्यात!" मी तिचा मोबाईल मागून घेतला. पावणेसात झाले होते, मोबाईलवाला यायचाच होता.

"अहो, निभावलं! त्याला हो म्हणू नका, पाया पडते."

"तो येत नाहीये," हे म्हणाले. "दुपारीच फोन करून नको म्हणून सांगितलं."

"दुपारी? कधी?"

"तुझी गाडी वळली तेव्हा."

"अहो, पण तेव्हा तर सगळा घोळच होता! फजिती झाली असती तर?"

"झाली असती." "तू काही लपवलं नाहीस, निस्तरायला गेलीस. म्हटलं, दुकान हिच्याकडेच राहू दे. मला आता हे जमत नाही, आनंदी."

फोन ठेवला आणि मी तिथंच पायरीवर बसले. आतापर्यंत बुडालं असतं तर ह्यांच्यावर ढकलता आलं असतं, आता सगळं माझ्यावर. समोर कादंबरी साठ जणींचा कागद घेऊन उभी होती. मी तो हातात घेतला आणि आधी विचारलं, "कंबर मोजली कुठे?"