फोनची सुटलेली वायर

धाकट्याने आयुष्यात एकच सिनेमा दिग्दर्शित केला आणि तो आठवडाभरात पडद्यावरून उतरला. त्यात मुख्य काम त्याच्या ताईचं होतं. ती नटी नव्हती, दातांची डॉक्टर होती. ठरलेली नटी ऐनवेळी रुसून निघून गेली. रडकुंडीला आलेला भाऊ ताईला बघवेना, म्हणून दवाखाना बंद ठेवून ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली.

शेवटच्या प्रसंगात, अपघातात गेलेल्या नवऱ्याच्या रिकाम्या कारखान्यात बाई फोन लावते आणि त्याने उचलल्यासारखी बोलत राहते. नळ गळतोय, तुझा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, असलंच काहीबाही. ताईने जीव ओतून काम केलं. पण टेबलाखाली फोनची सुटलेली वायर लोंबत होती. चित्रीकरणाच्या वेळी ती कुणाच्या नजरेस पडली नाही, थिएटरात मात्र सगळ्यांना दिसली. रडायच्या जागी लोक खो खो हसले.

धाकट्याने मग दुसऱ्यांच्या जाहिरातींचं एडिटिंग करायचं काम धरलं. घरात सिनेमाचा विषय निघाला की तो ताटावरून उठायचा.

बऱ्याच वर्षांनी एक पेशंट, तोंडात कापूस धरून, ताईकडे टक लावून बघत राहिला. कापूस काढल्याबरोबर म्हणाला, "तुम्ही त्या वायरवाल्या बाई ना?"

नदीकाठच्या छोट्या थिएटरात दर महिन्याला एका रविवारी सकाळी तो सिनेमा लावतात आणि बसायला जागा मिळत नाही, हे तिला त्याच्याकडून कळलं.

तिने भावाला सांगितलं. "जखमेवर मीठ चोळतायत," तो म्हणाला. "तू जा हवं तर. मला नको ओढूस."

डोक्याला स्कार्फ बांधून ताई एकटीच गेली. लोकांनी जुन्या फोनचे रिसीव्हर आणले होते. संवाद पडद्याआधी प्रेक्षकच म्हणत होते. सेटची भिंत हलली की हशा, नटाची खोटी मिशी सुटली की टाळ्या. ताईचे कान तापले. शेवटचा प्रसंग आला आणि सगळं थिएटर ओरडलं, "वायर!"

आता बस झालं, असं म्हणून ती उठली. तेवढ्यात एकदम शांतता पसरली. लोकांनी रिसीव्हर कानाला लावले होते. शेजारी बसची ड्रायव्हर बसली होती, अंगावर कामाचाच गणवेश. ती हळू आवाजात बोलत होती, "आज ऊन फार आहे रे. टोपी घालून जात जा."

ताई परत खाली बसली.

दिवे लागल्यावर ड्रायव्हरबाईने डोळे पुसले. "माझा मुलगा गेला. मैत्रिणीने मला इथे हसायला म्हणून आणलं होतं, आणि वायर बघून हसूही आलं. मग वाटलं, पलीकडे कुणी नाही हे या बाईला ठाऊक आहे, तरी बोलतेय. मीही त्याच्या बंद नंबरवर बोलते. घरी सांगायची सोय नाही. इथे सांगावंच लागत नाही."

आपण कोण ते ताईच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिने फक्त त्या बाईचा हात धरला.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, तर धाकटा उसळला. "अगं, ती चूक होती! दिवेवाल्याचा पाय अडकला होता!"

"माहितीये मला."

"मग मी जे दाखवायला गेलो, ते कुणी पाहिलंच नाही."

"तू बाईचं दुःख दाखवायला गेलास ना? ते त्यांनी पाहिलं. आपण वायरच बघत बसलो."

 पुढच्या खेपेला ताई निघाली तेव्हा तो दाराशी बूट घालत होता.

दोघं शेवटच्या रांगेत बसली. "वायर!" ओरडा झाला तेव्हा त्याने ताईचं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. नंतरच्या शांततेत त्याची बोटं सैल पडली. तो मान खाली घालून रडला, अगदी आवाज न करता.

बाहेर पडताना एक टकलू गृहस्थ त्याला म्हणाले, "पहिल्यांदाच आलात वाटतं? ती वायर मुद्दाम सोडलीये बरं का. दिग्दर्शक फार पोचलेला माणूस."

"असेल," धाकटा म्हणाला. "पण त्याला तेव्हा एवढं कळत नसावं."

गृहस्थांना ते मुळीच पटलं नाही. जिन्यात उभं राहून त्यांनी सबंध सिनेमा पहिल्यापासून समजावून सांगितला, आणि धाकट्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.