पलीकडची जागल

रुपरावांनी उजवा हात उंच केला, तो भिंतीवरच्या आरशात रुबाबदार दिसतो की नाही ते पाहिलं आणि खाकरून सुरुवात केली.

“अध्यक्ष महाराज! दुसऱ्याच्या धुऱ्याबांधावर आमच्या माणसांनी काहून जागावं?”

स्वयंपाकघरात मिरची कुटण्याचा आवाज थांबला. भाषण लागू पडतंय, असं रुपरावांना वाटलं आणि त्यांनी आवाज चढवला.

“जंगल त्याईच्या दाराशी हाये, मंग राखणही त्याईनंच करावी! आज माणसं मागतीन, उद्या बंदुका मागतीन. आपल्या घरी काय अडचणी कमी हायेत?”

रुपराव रामटेककडचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. निवडून येऊन वर्ष होऊन गेलं होतं, पण नागपूरच्या असेंब्लीत त्यांनी तोंड म्हणून उघडलं नव्हतं. देव्हाऱ्यातल्या देवासारखे बसायचे आणि सगळ्यांचे हात वर झाले की आपलाही करायचे. आज मात्र बोलायचंच होतं. जपानने चीनवर लढाई लादली होती, आणि चीनच्या बचावासाठी मदत मंजूर करावी, अशी सरकारला शिफारस करणारा ठराव आला होता. त्यांच्या बाकावरचे कृष्णकांत वकील विरोधात होते. “तुम्ही शेतकरी माणूस. शेतातलंच उदाहरण घेऊन बोला, चीनचं नाव शेवटी घ्या, सभागृह डोलेल,” असं सांगून वकीलसाहेबांनी कालचा अख्खा दिवस या भाड्याच्या खोलीत बसून त्यांच्याकडून भाषण घटवून घेतलं होतं.

त्यांची बायको जयवंता दारात येऊन उभी राहिली. मिरचीने लाल झालेले हात तिने लुगड्यापासून दूर धरले होते.

“काय जी, हे दादाले सांगणार हाये का तुमी?”

“कोणत्या दादाले?”

“चंपतदादाले. दसऱ्याले आला होता नं तो. पाहू, पंचांत बोलू, असं म्हणून जेवू घालून वाटेले लावलं तुमी त्याले. मले वाटलं, बोलान. आन् इथं आरशापुढं नाई म्हणाची तयारी करून राहिले!”

रुपरावांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

चंपतराव म्हणजे जयवंताचा थोरला भाऊ. त्याचं गाव नाल्यापलीकडे, अगदी डोंगराच्या पोटाशी. जंगलातून रानडुकरं उतरली की पहिल्यांदा त्याच्याच धानात शिरायची. पूर्वी रुपरावांच्या गावातली माणसं कार्तिकात पलीकडे जागलीला जात, मचाणावर बसत, डबे वाजवत. मग रुपरावांच्या वडिलांचं आणि तिकडच्यांचं काहीतरी बिनसलं आणि ती रीत मोडली. यंदा डुकरांनी कहर केला होता. चंपतरावाने स्वतः येऊन माणसं मागितली, आणि रुपरावांनी तो विषय लोंबकळत ठेवला. मालगुजाराच्या शब्दाशिवाय पंच हलत नसत. नागपूरचं अधिवेशन आल्यावर तर त्यांना बरंच वाटलं होतं.

हे चीनचं हाये वं बाई, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले. पण विरोधी बाकावर कोणी काय बोलेल, याची फुकटात तालीम होत होती. ती कशाला सोडा?

“बरं, सांग. काहून जावं आपल्या माणसांनी?”

“डुकरं पयले दादाच्या धानात येतेत. ते सपलं, का नाला ओलांडतेत. त्याईले काय मालगुजाराची हद्द समजते?”

“तवा आपण आपल्या धुऱ्यावर जागू.”

“आन् तवा दादाचं गाव येईन तुमच्यासंगं जागाले? ज्याचं वावर गेलं, तो काहाले जागीन?”

“आज माणसं देली, उद्या अजून काही मागतीन.”

“तं तवा नाई म्हणा. तोंड हाये नं तुमाले.”

रुपरावांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

“राखण त्याचीच हाये वं. त्यानंच करावी.”

“करून राहिला नं तो! तुमी जागा अन् मी झोपतो, असं म्हटलं का त्यानं?” जयवंताचा आवाज खाली आला. “बाजूले माणूस पाहिजे त्याले. एकट्याले झोप येते जी.”

वकीलसाहेबांनी याचं उत्तर दिलंच नव्हतं. लग्न नवं असताना ते स्वतः चंपतरावाबरोबर त्या मचाणावर बसले होते. डोळा लागू नये म्हणून चंपतराव त्यांना भुतांच्या गोष्टी सांगायचा आणि शेवटी स्वतःच घाबरायचा. तो त्यांना फार आवडायचा. वडिलांच्या भांडणात आपण उगाच त्याला गमावलं, हे त्यांना आज पहिल्यांदा लख्ख कळलं, आणि लाज वाटली. त्यांनी खुंटीवरचा फेटा उचलला आणि काही न बोलता टांग्यात जाऊन बसले.

असेंब्लीत त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा कृष्णकांत वकिलांनी मान हलवून धीर दिला. रुपराव उठले. आरशापुढचा हात काही वर जाईना.

“अध्यक्ष महाराज,” ते म्हणाले, “एकट्याला झोप येते.”

सभागृह हसलं. रुपराव थांबले नाहीत. डुकरांचं सांगितलं, नाल्याचं सांगितलं, मचाणाचं सांगितलं. ज्याचं शेत गेलं तो उद्या आपल्यासाठी जागणार नाही, हेही सांगितलं. जो स्वतः जागतोय त्याच्याच शेजारी माणूस द्यायचा असतो, आणि चीन जागतोय, एवढं बोलून ते खाली बसले. तोवर हसणं थांबलं होतं. वकीलसाहेब छताकडे पाहत होते.

पण वेळ संपली. उरलेली चर्चा पुढच्या बैठकीत पाहू, असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि सगळे चहाला उठले. रुपराव मात्र बसूनच राहिले. पाहू. चंपतरावाला त्यांनी दिलेला शब्दही हाच होता. चीनचं काय करायचं ते त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. नाल्यापलीकडचं होतं.

टांगेवाल्याला घाई करत ते घरी आले. गावचा रामाजी सकाळीच तांदूळ घेऊन आला होता. पंचांसाठी निरोप देऊन त्याला रामटेकच्या गाडीने लगेच परत पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं.

“रामाजी कुठी हाये?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“गेला गावाले,” जयवंता चुलीपुढून म्हणाली. “तुमी टांग्यात बसले, अन् मी त्याले धाडलं. म्हटलं, पंचाईले सांग, मालकानं आजपासून जागलीले माणसं पाठवाले सांगतलं.”

“मी असं कवा म्हटलं?”

“नाई म्हटलं का? गपचूप फेटा घालून गेले. तुमी गप राहिले का मंजूर असते, हे काय मले आज समजलं?”

रुपराव पाटावर बसले. रागवायला हवं होतं, पण मनाला इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. जयवंताने ताट पुढे सरकवलं.

“आन् चीनचं काय झालं?”

त्यांचा घास हातातच राहिला.

“तुले ठाऊक होतं?”

“वकीलसाहेब काल दिवसभर इथंच बसून ओरडून राहिले होते. मी काय बहिरी हाये?”

रुपराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, “त्याईचं पुढच्या बैठकीत पाहू म्हणतेत.”

जयवंता हसली नाही. तिने तव्यावरची भाकर उलटली.

“म्हणजे तोवर एकटेच जागतीन बिचारे,” ती म्हणाली, आणि भाकर त्यांच्या ताटात वाढली.