डब्यावरचं ओलं पोतं

गाडीच्या डब्याला लागणाऱ्या प्लगमध्ये पिनांच्या दोन रांगा होत्या. खालच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या पिनेवर हिरवी पूड चढली होती, मुगाच्या डाळीएवढीही नाही. अंजनानं ती काडीनं हलकेच खरवडली, तेव्हा पुडीबरोबर पिनेचं टोकही गळून तिच्या तळहातावर पडलं.

"बघितलं?" बंकट मेस्त्री म्हणाला. "ताई, डब्यात पानी गेलंय. गाडीच्या कॉम्प्युटरला पानी पाजलं कुनी?"

"आभाळात न्हाई, नळाला न्हाई, अन् गाडीच्या डब्यात पानी?" विमलबाई म्हणाल्या. दूध सोसायटीच्या त्या अध्यक्ष. अंबाजोगाईच्या रस्त्यालगतच्या या पत्र्याच्या गॅरेजात त्या एका पालथ्या कॅनवर बसल्या होत्या. सकाळी घाटनांदूरहून ट्रॅक्टरला दोर बांधून सोसायटीची पिकअप, अंजना चालवायची ती, ओढत आणली, तेव्हापासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

अंजनानं मूठ मिटली. तिचा नवरा शहादेव गाडीच्या मागच्या चाकाशी उभा होता. तो टायरकडे बघत होता.

पाणी कुठून गेलं ते दोघांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात गाडी तापली की बंद पडायची. गावातला एक मेकॅनिक म्हणाला होता, डॅशबोर्डखालचा डबा गरम होतोय, त्याला गार ठेवा. दुसऱ्या दिवशी शहादेवनं डब्यावर ओलं पोतं बांधलं, रांजणाला बांधतात तसं. काही दिवस गाडी खरंच बंद पडली नाही. मग ती रीतच झाली. दूध घ्यायला गाडी चारा छावणीत शिरली की कुणीतरी बाई तांब्या घेऊन यायची आणि त्या पोत्यावर पाणी शिंपडायची. टँकरचं पाणी, वाट्याला आलेलं, गुरांना पुरत नव्हतं असलं. "गाडीबी आपलं जनावरच हाय," असं म्हणायची. अंजनानं कधी कुणाचा हात धरला नाही.

"आमीच टाकत होतो पोतं," ती म्हणाली.

बंकटला आधी हसू फुटलं. मग तिनं छावणीतल्या तांब्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं हसू आवरलं आणि डबा उलटा करून बघू लागला.

"ह्यो गेला. जोडून चालनार न्हाई. नवा कंपनीकडनं मागवला तर दिवाळी उजाडंल."

"दिवाळी!" विमलबाई उठून उभ्या राहिल्या. "आरं बाबा, आठवडा झाला, दूध त्या खासगी टेम्पोवाल्याला घालतोय आमी. त्यो म्हनतो, उद्यापासून कायमचं घालनार असाल तरच घ्यायला येतो. उद्या सकाळी आपली गाडी छावणीत दिसली न्हाई, तर बाया त्याला हो म्हननार. मग आपली सोसायटी संपली."

"लातूरला भंगारात एक अपघाताची गाडी आलीया. हेच मॉडेल. पन डब्यावरचा नंबर तंतोतंत जुळला पायजे. शेवटचं अक्षर हुकलं तरी ही गाडी त्याला घेनार न्हाई."

"मग फोन कर की."

"फोनवर त्यो हो हो म्हनतो मावशी, अन् धाडतो भलतंच."

अंजनानं डबा पदरानं कोरडा केला आणि पिशवीत घातला. "मी जाते."

"आत्ता? एकली?" शहादेव म्हणाला.

"मग कवा? डबा गेल्यावर?"

"डबा गेलाच हाय की," तो पुटपुटला. विमलबाईंना हसू आलं. अंजना मात्र तोवर रस्त्यावर पोचली होती.

लातूरच्या भंगारवाल्यानं तिच्यासमोर एक डबा टाकला. तिनं आपला डबा शेजारी ठेवला आणि बोटानं एकेक अक्षर जुळवत गेली. शेवटचं जुळेना.

"ताई, सगळं सारखंच असतंय. लावून बघा, पळंल."

"पळनार न्हाई. अपघाताची गाडी कुठं हाय?"

"ती अजून खोललीच न्हाई. उद्या पोरगा आला की—"

"पाना द्या."

चेंबलेल्या पिकअपच्या दारातून ती आडवी आत शिरली. पत्रा चटके देत होता. डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा गणपती तसाच होता, त्याच्या गळ्यात वाळलेली दुर्वा. ही गाडी चालवणाऱ्याचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर हात थांबला असता. चार बोल्ट गंजलेले होते. शेवटचा निघेना, तेव्हा तिनं पान्यावर चपलेची टाच मारली. डबा बाहेर आला. नंबर जुळला, शेवटच्या अक्षरासकट.

परतीच्या एसटीत दोन्ही डबे मांडीवर घेऊन ती बसली. रस्त्याकडेला तूर गुडघ्याइतकीसुद्धा वाढली नव्हती. पोळ्यापासून विमलबाई तिला एकच गोष्ट विचारत होत्या: दसऱ्यानंतर गाडी कोण चालवणार? आणि ती दर वेळी म्हणायची, "बघू." लग्न झाल्यापासून दसरा झाला की ती आणि शहादेव ऊस तोडायला जात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला ना धड टोळी मिळते, ना धड राहायला खोपी.

गाडी चालवायला ती तिथंच शिकली होती. कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची, आणि दिवसभर गाडी इंच इंच पुढं घ्यावी लागायची. ड्रायव्हर पेंगायचे. शहादेवनं एकदा गंमत म्हणून तिला स्टेअरिंगवर बसवलं, "दाब क्लच, सोड हळू," आणि सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, "बघा बे, आमची अंजना!" त्या दिवशी त्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो आठवला की "बघू" पलीकडचं वाक्य तिच्या तोंडून निघत नसे.

ऊन कलताना ती गॅरेजात पोचली. बंकटनं डबा बसवला, प्लगची पिन बदलली, लॅपटॉपची वायर जोडली. जुन्या डब्यातली चाव्यांची नोंद काही केल्या वाचता येईना.

"मग आता गाडीला चाव्या नव्यानं वळखायला शिकवायच्या. किती हायत?"

"दोन," विमलबाई म्हणाल्या.

"दोन्ही द्या. जी चावी आज शिकवली न्हाई, ती उद्यापासून नुसतं लोखंड."

अंजना सीटवर बसली. बंकट सांगेल तशी तिनं आपली चावी फिरवली, थांबली, काढली. मग विमलबाईंनी कमरेच्या पिशवीतून दुसरी चावी काढून दिली. तिनं तीही शिकवली. "मारा आता स्टार्टर," बंकट म्हणाला.

इंजिन एकदा घुरघुरलं, खोकलं आणि लागलं. बंकटनं बॉनेटवर थाप मारली. विमलबाईंनी डोळे पुसले आणि लगेच रागावल्या, "धूर लई सोडती ही!"

अंजनानं गाडी बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळीही ती लागली, तेव्हा तिनं ती तशीच चालू ठेवली.

विमलबाई खिडकीशी आल्या. दुसरी चावी त्यांच्या हातात होती. "अंजना, गाडी झाली. आता तरी सांग गं, दसऱ्यानंतर हे कॅन कोन उचलनार? मी बायांना काय सांगू?"

"मावशी, सुंदरराव मुकादम उद्या येनार हाय नावं लिवायला," शहादेव म्हणाला. "आमचा एक कोयता धरलाय त्यानं. गाडीला गावातला बबनराव हाय की. चालवील त्यो."

"बबनराव?" विमलबाई म्हणाल्या. "पहाटं उठतो का त्यो? नासलेलं दूध नेऊन घालनार का मी?"

शहादेव गाडीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. बंकट लॅपटॉपची वायर गुंडाळत होता, त्याचा हात मंदावला. इंजिनाच्या थरथरीनं स्टेअरिंग अंजनाच्या तळव्यांत हलत होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि तिचं उत्तर त्याला बहुधा कळलेलं होतं. तरी ते त्याच्यासाठी बोलायला हवं होतं.

"मुकादमाला सांगा, आमचा कोयता धरू नको," ती म्हणाली. आवाज इंजिनाच्या वर चढवावा लागला. "मी यंदा उसाला येनार न्हाई. फुडंबी न्हाई. तुमाला जायचंच असंल तर अर्धा कोयता म्हनून जावा. न्हाईतर मावशीच्या हातातली ती चावी तुमी घ्या, माझ्यासंगं गाडीवर या. गाडी मी चालवनार हाय."