माथ्याचा विडा

महानंदाच्या घराण्यात लग्नं कधी मोडली नाहीत, पण लग्नाची जेवणं मात्र मोडली, आणि तीही एका पानाच्या विड्यापायी. बाहेरच्या जगात मोठी लढाई चालू होती, निजामाच्या मुलखात साखर औषधालाही मिळत नव्हती. पण या माणसांना विचाराल तर लढाई एकच, ती मांडवातली.

रीत त्यांच्याकडे अशी होती. अक्षता पडल्या की पंगतीआधी मांडवातल्या झाडून सगळ्यांनी नात्यातल्या आपापल्या थोरामोठ्यांच्या पाया पडायचं. ते उरकलं की नवरीनं दोन गोष्टी वाटायच्या. ज्याच्या वर मांडवात कुणी नाही, म्हणजे ज्याला कुणापुढंच वाकावं लागलं नाही, त्याला माथ्याचा विडा. आणि ज्याच्या खाली कुणी नाही, म्हणजे ज्याच्या पाया कुणीच पडलं नाही, त्याला पायथ्याचा लाडू. मठाचे अय्या, म्हणजे लग्न लावणारे जंगम, तेवढे यातून वगळलेले. ते शिवाचे, त्यांना नात्यागोत्याची मापं लागू नव्हती.

रीत छानच आहे. पण छान रीत माणसांच्या हाती पडली की तिचं काय होतं, ते सांगायला नको.

महानंदाच्या आईचं, इरम्माचं, माहेर तामलवाडीचं. आठ वर्षांपूर्वी तिच्या दिराचं, महालिंगप्पाचं, लग्न झालं तेव्हा माथ्याचा विडा शांताक्काला दिला गेला. शांताक्का म्हणजे महानंदाच्या वडिलांची, धोंडप्पाची, आत्या. तिच्या शब्दावर घर उठायचं आणि बसायचं. त्याच मांडवात इरम्माची आई लक्ष्मम्मा बसलेली होती. ती उठली. "वयानं म्या मोठी. माझ्यावर कोण हाय इथं?" म्हणाली. शांताक्का म्हणाली, "आमी मुलाकडचे. लेक दिलेल्यांनी खाली बसायचं असतंय." लक्ष्मम्मा भरल्या ताटावरून निघून गेली आणि या घरचं पाणी तिनं वर्ज्य केलं. धोंडप्पाही तापट. "मग आमची बायको बी तुमचा उंबरा चढणार न्हाय," असं तो चारचौघांत बोलून बसला. भांडण दोघींचं, राग तिसऱ्याचा, आणि माहेर तुटलं ते बिचाऱ्या इरम्माचं! आठ वर्षांत पंचमीला गाडी आली नाही, की दिवाळीला निरोप आला नाही. तामलवाडीच्या वाटेवरून कुणी आलं की इरम्मा उगाच दारात येऊन उभी राहायची आणि शेणाचा हात असला तरी पदर सारखा करायची. महानंदानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. आपल्या लग्नात तिला दुसरं काही नको होतं, आईचं माहेर तेवढं परत हवं होतं.

आता नातीचं लग्न म्हणून लक्ष्मम्मा आली होती खरी, पण आल्या आल्या तिनं अय्यांना बजावलं, "विडा त्या बाईला गेला तर म्या उठले म्हणून समजा." शांताक्कानंही अय्यांना गाठलं. "विडा तिला गेला तर मांडवात एक माणूस जेवणार न्हाय." अय्या बिचारे शांत गृहस्थ. दोघींनाही त्यांनी मान डोलावून दाखवली आणि मठात जाऊन पडून राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मायलेकी गुळाचे लाडू वळत बसल्या होत्या. नवरीनं काम करायचं नसतं, पण इरम्माला लेक जवळ हवी होती.

"अव्वा, पायथ्याचे लाडू किती करायचे?" महानंदानं विचारलं.

"आता बघ. महालिंगप्पाचं धाकटं, तुझ्या आत्याचं पाळण्यातलं, परंड्याच्या व्याह्यांची दोन. करून ठेव चार-पाच. कमळीला द्यायचा न्हाय हं."

कमळीचं नाव निघताच दोघी हसल्या. कमळी सहा वर्षांची. पण नातं वयाला विचारून लागत नाही. झुपकेदार मिशांचा बंडप्पा, महानंदाचा चुलतभाऊ, कमळीला चुलतमावशी म्हणायचा आणि दर लग्नात तिच्या पाया पडायचा. म्हणजे कमळीच्या खाली कुणीतरी होतं, आणि वर तर अख्खा मांडव होता. विडाही नाही आणि लाडूही नाही! दर लग्नात पोर भोकाड पसरायची, आणि बंडप्पा पागोटं सावरत "मावशी, रडू नगा" म्हणायचा.

हसता हसता महानंदाचा हात थांबला.

"अव्वा, लाडू चार-पाच जणांस्नी देतो आपुन?"

"मग? खाली कुणी नसलेली जेवढी, तेवढ्यांना."

"त्यातलं सगळ्यात ल्हान कोण, असं कुणी इचारत न्हाय?"

"कशाला इचारतील? पाळण्यातल्यांची काय भांडणं लावायची?"

"मग विडा एकालाच का?"

इरम्मानं तिच्याकडं पाहिलं. असा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण सगळ्यांचं ठाम मत होतं की वर एकच असतो. गावाला पाटील एक, देवळाला कळस एक, तसा मांडवाला मोठा एक. रीत तर असं कुठंच म्हणत नव्हती. रीत म्हणत होती, ज्याच्या वर कुणी नाही. सगळ्यांच्या वर असलेला, असं ती म्हणतच नव्हती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते आठ वर्षं माहेर तुटलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

"तू नवरी हायस. गप ऱ्हा," इरम्मा म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं, आणि संध्याकाळी एकाऐवजी दोन विडे बांधताना तिनं लेकीला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. परंड्याचा शिवशरण नवरा झाला, महानंदा नवरी झाली. नवरा कसा आहे हे तिनं अजून नीट पाहिलंही नव्हतं, तिचं सगळं लक्ष दोन म्हाताऱ्यांकडे. एक मांडवाच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला, दोघीही नऊवारीचा पदर डोक्यावरून ताणून बसलेल्या. मग सगळे वाकू लागले. पोरं आईबापांपुढं वाकली, आईबाप काकामामांपुढं, काकामामा आपल्या चुलत्यांपुढं. परंड्याकडचे जाणतेही शेवटी या दोन म्हाताऱ्यांपुढंच वाकले, त्यांच्यात एवढं जुनं कुणी उरलं नव्हतं. बंडप्पा कमळीपुढं वाकला आणि मांडवभर हशा पिकला. धोंडप्पा आत्यापुढं वाकला, सासूपुढंही अवघडून वाकला. सगळं शांत झालं तेव्हा अय्या उठून उभे राहिले. घसा खाकरला, पण पुढं त्यांना काही सुचेना.

महानंदाच उठली. हातात दोन विडे.

"अय्या, रीत सांगा की," ती म्हणाली.

"ज्याच्या वर मांडवात कुणी न्हाय, त्याला माथ्याचा विडा," अय्या म्हणाले.

"अक्का आज कुणाफुडं वाकल्या न्हाईत. आज्जी बी वाकली न्हाय. त्यांच्यावर कुणी न्हाय आन् हिच्यावर बी कुणी न्हाय. मग दोघींना विडा हाय."

एकदम गलका झाला. नवरी बोलते हेच आधी पुष्कळांना पचेना. धोंडप्पा लाल झाला. आणि शांताक्का, जी कधी आवाज चढवत नसे कारण तशी गरजच पडत नसे, ती कडाडली.

"दोघींना? हे कुठलं गं नवं? आसं म्हणशील तर उद्या पाण्यावरच्या हरणाबाईला बी विडा दे! ती तरी कुठं कुणाफुडं वाकली?"

बोलली ती टोमणा म्हणून, पण सगळ्यांच्या माना रांजणांकडे वळल्या.

हरणाबाई रांजणांपाशी तांब्या घेऊन उभी होती. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसांतली. नवरा वाटेत वारला, सोबतची माणसं मेंढरं घेऊन पुढं गेली, ती या गावात मागं राहिली. पुष्कळ वर्षं झाली त्याला. गावातल्या प्रत्येक कार्यात पाणी तिच्याच हातचं. पण ती कुणाची काकू नव्हती, मामी नव्हती, कुणी तिचा दीर नव्हता की भाचा नव्हता. वाकायचं ते नात्यानं. ती कुणापुढं वाकली नव्हती हे खरंच होतं.

महानंदाला स्वतःचाच राग आला. इतका विचार केला आणि हे माणूस कसं नजरेतून सुटलं!

"अक्का, बरोबर बोललात तुम्ही," ती म्हणाली. "तिच्यावर बी कुणी न्हाय."

"अगं, म्या आपलं..." शांताक्का अडखळली. आपलाच शब्द, गिळता येईना.

"ती आपल्यातली न्हाय," कुणीतरी मागून म्हणालं.

"नेम मांडवाचा हाय," अय्या म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खणखणीत लागला. "मांडवात हाय का न्हाय ती? मग हाय."

महानंदानं हातातला विडा हरणाबाईपुढं धरला. पहिला विडा! हरणाबाईनं तांब्या खाली ठेवून हात पदराखाली लपवले. "न्हाय गं बाई, मला कशाला? माझी काय लायकी?" पण गंमत अशी की दोन्ही टोकांच्या म्हाताऱ्या गप्प होत्या. शांताक्काला लक्ष्मम्मा पहिली नको होती, लक्ष्मम्माला शांताक्का पहिली नको होती. हरणाबाई पहिली असली तर दोघींचं काय जात होतं?

"घे की गं," लक्ष्मम्मा म्हणाली.

"घे म्हणते ना," शांताक्का म्हणाली. आठ वर्षांत त्या दोघी पहिल्यांदाच एका बाजूनं बोलल्या होत्या.

इरम्मानं धावत जाऊन तिसरा विडा करून आणला. आता दोन विडे, दोन म्हाताऱ्या, आणि पुन्हा तोच पेच, आधी कुणाला? एकदम द्यावे तर महानंदाचा उजवा हात एकच, आणि डाव्या हातानं विडा दिला तर आजचं भांडण आणखी आठ वर्षं पुरलं असतं. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"माझा बी उजवा हात हाय की."

शिवशरण होता. नवऱ्याचे पहिले शब्द तिनं ऐकले ते हे. तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं आणि बाशिंगाआड गालातल्या गालात हसली. माणूस चांगला निघाला म्हणायचा! दोन्ही म्हाताऱ्यांना मधोमध आणून बसवलं, आणि दोघांनी दोन उजव्या हातांनी दोन विडे एकाच वेळी पुढं केले. आधी कुणाच्या हाती पडला, ते कुणालाच सांगता येईना. वाजंत्र्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी सनई सुरू केली.

मग लाडू. पाळण्यातली झाली, कडेवरची झाली. अय्यांनी विचारलं, "आणखी कुणाच्या पाया कुणी पडलं न्हाय?"

आता मांडव तयार झाला होता. चार आवाज एकदम आले, "हरणाबाईच्या!"

हरणाबाईच्या एका हातात विडा, दुसऱ्या हातात लाडू. लोक हसून लोटपोट झाले. "वरची बी हीच, खालची बी हीच!" हरणाबाईही हसत होती. महानंदाला मात्र एकाएकी हसू येईना. वर कुणी नाही आणि खालीही कुणी नाही, म्हणजे या बाईला कुणीच नाही. एवढी साधी गोष्ट, इतकी वर्षं तिच्या हातचं पाणी पिऊन कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेतच ती पुढं झाली. नवा शालू मातीला लागला तरी लागू दिला, आणि हरणाबाईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं.

हरणाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं इकडं तिकडं पाहिलं, हातातला लाडू जवळच ओठ काढून बसलेल्या कमळीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो लाडू माझा न्हाय आता. माझ्या खाली हाय की माणूस."

कमळीनं कुणी काही बोलायच्या आत तो तोंडात कोंबला.

पंगत बसली. गव्हाची हुग्गी, गुळाची गोड खीर, लक्ष्मम्मानं दोनदा मागून घेतली, आणि तिच्या पानापाशी इरम्मानं स्वतः तांब्या ठेवला. आई तांब्या उचलून पाणी प्यायली. धोंडप्पानं ते पाहिलं आणि भलत्याच दिशेला बघत वाढप्यांवर ओरडायला लागला. जेवणं झाल्यावर माथ्याचे विडे निघाले, आणि खरी फजिती तेव्हा झाली. ज्या विड्यापायी घरं तुटली, तो दोघींनाही चावता येईना. दात कुणाचे शिल्लक होते? लक्ष्मम्मानं कनवटीचा चिमुकला खल काढला, आपला विडा कुटला. मग शांताक्काकडं हात केला, "आणा हिकडं." शांताक्कानं मुकाट्यानं विडा दिला. दोन्ही विडे एकाच खलात कुटले गेले. थोड्या वेळानं दोघींची तोंडं लाल झाली होती आणि गोष्टी रंगल्या होत्या.

"इरम्माला चार दिस घेऊन जावा," शांताक्का मधेच म्हणाली. "लई वाळलीय ती."

"आन् घर? पाव्हणे?" धोंडप्पा म्हणाला.

"म्या हाय की. तू बोलू नगस, तू बोललास की घोळ होतो."

दिवस कलला तसं नवरीच्या पाठवणीची गडबड उडाली. पाठवणी म्हटली की आईनं रडायचं, लेकीनं गळ्यात पडायचं, बायांनी पदर डोळ्याला लावायचा. सगळ्या बाया पदर सरसावून तयार होत्या. पण आई कुठाय? महानंदानं परंड्याच्या गाडीत बसता बसता मागं पाहिलं. दारात दुसरी गाडी उभी होती, तामलवाडीची. तीत लक्ष्मम्माच्या शेजारी, मांडीवर बोचकं घेऊन, इरम्मा बसली होती. लग्नात नेसलेलं लुगडंही तिनं बदललं नव्हतं. ती गाडीवानाला सारखी "हाक की रे, हाक की" म्हणत होती, आणि गाडी हलली तेव्हा लहान पोरीसारखी पुढच्या वाटेकडं बघत राहिली. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. आणि महानंदाला याचा इतका आनंद झाला, की आपली आज पाठवणी आहे आणि आपण रडायचं असतं, हे ती विसरूनच गेली.