अठरा घरांची यादी

"मॅडम, ही कुणाच्या धंद्याची यादी?" लोकेश सरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि वैजयंताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मीरा रोडच्या त्या कॉलेजात बाई एकोणीस वर्षं उद्योजकता शिकवत होत्या. कॉम्प्युटर विभागाच्या लोकेश सरांबरोबर एक तास घेऊ, मुलांना सायबर धोके कळतील, ही हौस त्यांचीच. सरांच्या मुलांनी बाईंच्या मुलांच्या छोट्या धंद्यांत भगदाड शोधायचं, एवढंच. संघप्रियाच्या डब्यांच्या धंद्यात ते दहा मिनिटांत सापडलं. डबे पोचवणारी माणसं सारखी बदलायची, म्हणून तिने घरांची यादी नेटवर सगळ्यांना उघडी ठेवली होती.

पडद्यावर अठरा घरं होती. पहिलंच, 'जिजाबाई, हाटकेश. दिवसभर एकटी. मुलगा रात्री आठला येतो. चावी कुंडीखाली.'

"हे कुणीही वाचू शकतं?" बाईंनी विचारलं.

"कुणीही. चोरसुद्धा," सर म्हणाले.

"पण मॅडम, तुम्हीच बोललात ना, कस्टमरचं बारीकसारीक सगळं लिहा?" संघप्रियाला रडू फुटलं. "फुल मार्क्स दिलेत तुम्ही!"

दिले होते. वर शेराही मारला होता, 'इतरांनी आदर्श घ्यावा.' बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एखाद्या चोरालाही इतकी टापटीप यादी जमली नसती, आणि ती करायला आपण शिकवलं!

यादी तिथल्या तिथे बंद केली. पण आधी कुणी वाचली असेल ते कोण सांगणार? तास सरांवर सोपवून बाई संघप्रियाला घेऊन रिक्षात बसल्या. एकेका घरी जाऊन सांगायचंच.

हाटकेशला जिजाबाईंच्या दारात कुंडीखाली चावी होतीच. दार उघडून दोघी आत गेल्या. जिजाबाई खाटेवर पडल्या होत्या. बाईंनी सगळं सांगितलं, हात जोडले.

"चूक माझी आहे, आजी. आजपासून चावी बाहेर ठेवू नका."

"अगो, मना उठवत न्हाय. डबा आला तं दार कोन उघरेल?"

"पण चोर आला तर?"

"चोर येल का न्हाय, देवाला ठावं. भूक तं रोजचीच हाय." म्हातारीने कूस बदलली. "जाताना ठेव जागेवर."

बाहेर येऊन बाईंनी दाराला कुलूप लावलं. चावी धरलेली मूठ काही उघडेना.

"मॅडम, कुठे ठेवायची?" संघप्रियाने विचारलं.